फळीवरची टकटक

मी एक जुनी सापसुरळी आहे. प्राण्याने स्वतःला म्हातारं म्हणावं आणि 'जुनं' हा शब्द वस्तूंसाठी ठेवावा, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझं सगळं आयुष्य एका लाकडी फळीखाली गेलं. ती आणि मी एकाच उन्हाळ्यात या उतारावर आलो, एकत्रच झिजलो. तेव्हा तिला जो शब्द लावाल तोच मलाही लावा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातभाईंना पाहिलं असेल आणि पाहताच पाय वर घेतले असतील. मी तुमच्या मधल्या बोटापेक्षा थोडी लांब, जाडीला पेन्सिलीएवढी. पाठ तांबूस, दोन्ही कुशींवर काळसर पट्टा. खवले इतके गुळगुळीत की ओल्या मातीतून निघाले तरी अंगाला कण चिकटत नाही. पाय चार आहेत, पण एवढे आखूड की घाई असली की मी ते पोटाशी दुमडून घेते आणि नुसती वळवळत सुटते. म्हणून लोक मला सापाची मावशी म्हणतात. साप दिसलाच तर मला गिळतो. असा भाचा कुणाच्या नशिबी न येवो.

आणखी एक गोष्ट सांगते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या खालच्या पापणीत मधोमध एक पारदर्शक चकती आहे. खिडकीच म्हणा ना. माती उकरताना डोळ्यांत कण जाऊ नयेत म्हणून मी डोळे मिटते, आणि मिटल्यावरही मला दिसत राहतं. लहानपणी मला या खिडकीचा फार तोरा होता.

आमचा उतार म्हणजे काही मोठं रान नव्हे. वर डांबरी रस्ता, खाली फरशी कापायचा कारखाना आणि या दोन्हींच्या मध्ये सुटे दगड, थोडी झाडं आणि वर्षानुवर्षं साठलेला पालापाचोळा. आम्हांला राहायला तीनच गोष्टी लागतात: वरून ऊब, खालून ओल आणि मधे अंग सरकेल एवढी फट. दगडाखाली त्या तिन्ही मिळत. मी अंड्यातून निघाले तेव्हा माझी शेपटी लालभडक होती, कारण पिल्लांची तशीच असते. शत्रूने डोक्यावर न झेपावता शेपटीवर झेपावावं, म्हणून ती सोय. तिचा उपयोग मला फार लवकर करावा लागला.

त्या दिवशी दोन माणसं उतारावर चढून आली. पुढे एक तरुण मुलगी, गळ्यात भिंग. मागे तिचे वडील, खांद्यावर फळ्यांची चळत, तोंडाने धापा आणि कुरकुर एकदम चालू.

"एवढं शिकवलं तुला, ते काय सरडे मोजायला?"

"सरडे नाहीत हो बाबा, सापसुरळ्या."

"त्याने माझ्या खांद्याचं ओझं हलकं होतं का?"

मुलगी प्राणिशास्त्र शिकलेली होती. या उतारावर आम्ही किती आहोत, वाढतो आहोत की घटतो आहोत, हे तिच्या कचेरीला हवं होतं. आता आमच्यासारख्यांना मोजायचं कसं? आम्ही हाक मारून येत नाही. म्हणून ही शास्त्र शिकलेली माणसं जमिनीवर ठरावीक अंतराने फळ्या टाकून ठेवतात. आम्हांला वाटतं, आयता दगड मिळाला. आम्ही खाली शिरतो. मग ती येऊन फळी उचलतात आणि मोजतात. युक्ती सोपी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. ती पुढे कळेलच.

वडील सुतार होते. दुकान नुकतंच बंद केलेलं. दुकानाची जुनी दारं त्यांनी कापली, रंधा मारला आणि त्यांच्याच या फळ्या केल्या. बिजागऱ्यांची भोकं अजून दिसत होती. प्रत्येक फळीच्या एका कडेला त्यांनी अर्धगोल खाच केली होती. मुलीच्या लक्षात ते उतारावर आल्यावरच आलं.

"बाबा, ही खाच कशाला? मी साधी फळी सांगितली होती."

"उचलताना बोटं चेचतील तुझी. आणि खालच्यांना आतबाहेर करायला वाट नको?"

"सगळ्या फळ्या एकसारख्या हव्यात. नाहीतर मोजणीत फरक पडतो."

"सगळ्यांना आहे. मोजून बघ. मोजायचीच हौस आहे ना तुला?"

मुलगी हसली, आणि तेवढ्यात वडिलांच्या हातून एक फळी निसटली. मी त्या जागी पानांखाली होते. फळीची कड माझ्या शेपटीवर आली. शेपटी मी तिथेच सोडली आणि निघून गेले. आमच्या शेपटीच्या मणक्यांत तुटायच्या जागा ठरलेल्याच असतात. तुटलेला लाल तुकडा पानांवर उड्या मारत राहिला.

सुतारबाबा मटकन खाली बसले. "अगं, मी हिची शेपटी तोडली!"

"परत येते, बाबा."

"होती तशी?"

"तशी नाही. आत हाडं येत नाहीत, नुसती कूर्चा येते. रंगही वेगळा येतो."

बाबांनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ठिगळ दिसणारच."

नवी शेपटी आली. आखूड, राखाडी, टोकाला बोथट. त्या दिवसापासून माझं नाव पडलं तुटकी. आणि त्या दिवसापासून बाबांनी एक नेम धरला. फळी उचलण्याआधी ते वाकून तिच्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायचे. टक टक.

"बाबा, वाजवलंत तर पळून जातील. मग मी मोजू काय?"

"दार आहे ते. दुसऱ्याच्या दारातून न वाजवता आत जायला मी तुला शिकवलं नाही."

आठवडाभर बापलेकीचा यावरून वाद चालला. शेवटी मुलीने असं ठरवलं, की वाजवायचं तर सगळ्याच फळ्यांवर वाजवायचं, म्हणजे मोजणी सगळीकडे सारखी राहील. असा त्यांचा समेट झाला. माणसं शास्त्राने वागतात असं तुम्हांला वाटतं, पण मला तर त्यात बापाच्या हट्टाचाही अर्धा वाटा दिसला.

सुरुवातीला टकटक झाली की मी खाचेतून पळायची. मग लक्षात आलं, की टकटकीनंतर वाईट काहीच होत नाही. फळी वर जाते, उजेड येतो, एक डोकं वाकतं, "तुटकी आहे बघ घरी" असं कुणीतरी म्हणतं. मग बाबांचा गरम, खरबरीत हात मला हलकेच बाजूला घेतो, फळी खाली येते आणि मी खाचेतून परत आत. फळी आमच्या अंगावर टाकायची नाही, आधी पाहुण्याला बाजूला घ्यायचं आणि मग दार लावायचं, हा त्यांचा नियम होता. पुढे पुढे मी जागची हलेनाशी झाले.

ती माझ्या सुखाची वर्षं. फळीखाली वाळवी यायची, लहान कोळी यायचे, जेवण दारात. मी मोठी झाले. फळीखालीच खळगा करून पहिली अंडी घातली. आमची अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी कडक नसतात. त्यांची साल चामड्यासारखी मऊ असते, ती मातीतली ओल पिते आणि अंडं हळूहळू फुगतं. ओल कमी पडली तर चेपतं. म्हणून आमच्यातल्या काही जणी अंड्यांना वेढा घालून बसतात, तशी मीही बसते. नाकाने ती फिरवते, मुंग्यांना हाकलते, आणि त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही. शेपटीत साठवलेल्या चरबीवर दिवस काढते. पहिल्यांदा बाबांनी मला तशी पाहिली तेव्हा त्यांनी फळी अर्धीच उचलली होती. ती तशीच धरून कुजबुजले, "बाळंतीण आहे गं. लाव दार." मुलीने नेहमीची मापंसुद्धा घेतली नाहीत. त्या वर्षी या उतारावर लाल शेपट्यांची माझी पिल्लं धावली.

पण मित्रांनो, फळ्यांबाहेरचा उतार तसा राहिला नव्हता. कारखान्याला भिंत घालायची होती, तर सुटे दगड उचलून नेले. खालच्या वॉचमनला सापांची फार धास्ती. तो थंडी सरली की पालापाचोळा ओढून जाळायचा. मुलीने त्याला एकदा थांबवलं.

"काका, नका ना जाळू. याच्यात सापसुरळ्या राहतात."

"म्हणूनच जाळतो, ताई. ती चाटली की माणूस पाणीसुद्धा मागत नाही."

"अहो, तिला विष नसतं."

सुतारबाबा मागून म्हणाले, "मला तर ही तुटकी कितीदा चाटून गेली. घरात अजून पाणी मीच भरतो."

वॉचमन पोटभर हसला. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाला जाळला. वाईट माणूस नव्हता. त्याला भीती वाटायची, एवढंच. दगड गेले, पाला गेला. आता ऊब, ओल आणि फट या तीन गोष्टी एकत्र मिळायची जागा एकच उरली, ती म्हणजे फळ्या. मघाशी म्हटलं ती गोम हीच. आम्हांला मोजायला म्हणून ठेवलेली गोष्ट आमचं घर होऊन बसली होती, आणि हे मोजणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाबांची चाल मंदावली. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला. आधी ते चढताना दोनदा बसायचे, मग उताराच्या पायथ्याशीच एका मोठ्या दगडावर बसून राहायचे आणि तिथून ओरडायचे, "वाजवलंस का?" ती वरून ओरडायची, "वाजवलं हो!" मग एका ऋतूत तेही ओरडणं बंद झालं. मुलगी एकटीच येऊ लागली. वाजवायची मात्र न चुकता. तिची टकटक त्यांच्यापेक्षा हलकी होती.

फळ्यांखाली आता फारसं कुणी सापडत नव्हतं. कचेरीने विचार केला, की खाली काही मिळतच नाही, तर फळ्या उचलायला माणूस कशाला पाठवायचा? काम बंद झालं. अशा कामांचा एक शिरस्ता असतो. काम संपलं की आपलं सगळं सामान उचलायचं आणि जागा होती तशी सोडायची. नियम चांगला आहे. पण जागा होती तशी राहिली कुठे होती?

ती फळ्या गोळा करायला आली तेव्हा मी अंड्यांवर होते. पाच अंडी होती. त्या वर्षी एवढीच जमली. एकेक फळी उचलून रचल्याचा आवाज जवळ येत गेला. मग माझ्या छतावर टक टक झाली आणि उजेड आला.

मी हलले नाही. ती गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे लाल होते, नाक गळत होतं. तिने मला पाहिलं, मग मान वळवून पायथ्याच्या रिकाम्या दगडाकडे पाहिलं, जणू तिथून कुणी काही सांगणार होतं.

"राहू दे तुझं," ती शेवटी म्हणाली. "पिल्लं निघाली की येते."

तिने माझं दार लावलं आणि बाकीच्या फळ्या घेऊन ती गेली. नियम तिने माझ्यासाठी मोडला होता. मला फार बरं वाटलं, आणि तिलाही वाटलं असावं. तिच्या मनात दयाच होती. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. उतारावर पुष्कळ फळ्या होत्या, त्यांच्यावर नंबर होते, तोवर त्या कुणाच्या तरी होत्या. एकच उरली, तेव्हा ती कुणाचीच राहिली नाही.

थोड्याच दिवसांनी पावलं वाजली. जड, बुटांची. मी टकटकीची वाट पाहिली. ती झालीच नाही. फळी एका झटक्यात वर गेली, कुणीतरी "आई गं!" म्हणून मागे उडी मारली, आणि बुटांचा आवाज फळीसकट उतारावरून खाली गेला.

सूर्य थेट खळग्यात आला.

आमच्या जातीला अंडी तोंडात धरून नेता येत नाहीत. मी नाकाने माती ढकलून ती झाकली. माती कोरडी होती, घसरून गेली. पुन्हा झाकली. दुपारी एक कावळा आला आणि दोन अंडी घेऊन गेला. मी शेपटी टाकून त्याला चकवायला पाहिलं, पण माझी शेपटी दुसऱ्यांदा उगवलेली, राखाडी. ती पडली तरी त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राहिलेल्या तिनांतली दोन संध्याकाळपर्यंत चेपली, त्यांच्या सालीला सुरकुत्या पडल्या. एक मी ढकलत ढकलत जमिनीत रुतून राहिलेल्या एका दगडाच्या कपरीखाली नेलं आणि त्याच्याभोवती वेढा घालून बसले.

आमच्यात आई खराब अंडं खाऊन टाकते. नाक मुरडू नका. खराब अंड्याला बुरशी धरते, ती शेजारच्या चांगल्या अंड्याला लागते. म्हणून एक खायचं आणि बाकीची वाचवायची. ती दोन चेपलेली अंडी मी तशीच खाल्ली. कपरीखालचं शेवटचं अंडंही पुढे काळं पडलं. तेही खाल्लं. तेव्हा मात्र त्याच्या शेजारी वाचवायला दुसरं कुणी नव्हतं.

मी डोळे मिटले होते. मी तुम्हांला मघाशी सांगितलंच आहे, डोळे मिटले तरी मला दिसतं.

ती बोलल्याप्रमाणे आली. फळीच्या जागी एक चौकोन तेवढा उरला होता, आजूबाजूपेक्षा जरा फिकट. तिने खळगा पाहिला. मग तिने तिथे, उघड्या जमिनीवर, बोटांची पेरं टेकवून वाजवलं. टक टक. मातीवर आवाज कसला होणार? पण मला तो पायांतून कळला. मी कपरीखालून बाहेर आले.

"तुटके," ती म्हणाली.

उठताना तिची नजर खाली गेली. वॉचमनच्या खोलीबाहेर पाण्याचं पिंप होतं आणि पिंपावर झाकण म्हणून माझी फळी. ती खाली उतरली. तिथलं सगळं मला कपरीपाशी बसून दिसलं, ऐकू आलं.

"काका, ही फळी कुठून आणलीत?"

"वरून. पडली होती. का, तुमची आहे का?"

"हो."

"अहो ताई, मग आधी बोलायचं ना! इतकी वर्षं त्या होत्या तिथे, मी एकीला तरी हात लावला का? म्हटलं, नंबर टाकलेत, कुणाचं तरी काम असेल. मग तुम्ही सगळ्या नेल्या आणि ही एकटीच दिसली. वाटलं, टाकून दिलीय."

"टाकली नव्हती. मुद्दाम ठेवली होती. खाली तिची अंडी होती."

वॉचमनने फळीवरचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "एखादी चिठ्ठी तरी लावायची होती."

"हो," ती म्हणाली. "लावायला हवी होती."

"आणि तुमचे बाबा? ते टकटक करणारे? हल्ली दिसले नाहीत."

"गेले, काका. मी फळ्या न्यायला आले होते ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

पिंपावरून फळी निघाल्याचा आवाज आला. वॉचमनने ती बाहीने पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. "घ्या. घरी न्या. त्यांच्या हातची आहे. बाकीच्या आहेतच ना तुमच्याकडे?"

"नाहीत. ऑफिसच्या आवारात ठेवल्या होत्या, त्यांनी भंगारात काढल्या. मला कळेपर्यंत गाडी निघून गेली होती. ही एवढीच उरली."

"मग तर न्याच."

मित्रांनो, लाकूड जमिनीवर ठेवलं की फार वर्षं टिकत नाही. सुताराच्या मुलीला हे सांगावं लागत नाही. घरी भिंतीवर लावली असती, तर ती फळी तिच्या जन्मभर पुरली असती. ती कितीतरी वेळ खाचेत अंगठा घालून उभी राहिली. तिथली कड बाबांच्या हाताने पार गुळगुळीत झाली होती. मग ती वळली आणि चढ चढू लागली. माझ्याजवळ आली, मला ओंजळीत घेऊन बाजूला ठेवलं, फळी त्या फिकट चौकोनावर नेमकी बसवली आणि खाचेपाशी मला सोडलं. मी आत गेले. तिच्या हातांना लाकडाचा वास येत होता.

वॉचमन आता पाला जाळताना फळीच्या आजूबाजूचा हातभर पाला सोडून देतो. मुलीला दूर कुठेतरी दुसरं काम मिळालं आहे. कधीतरी येते. त्यानंतर पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याभोवती अंडी नाहीत हे पाहून तिने काही विचारलं नाही. विचारायचं काय? अंड्यांना आधी नर लागतो, आणि मी या उतारावर जीभ बाहेर काढून कितीही वास घेतला, तरी आता मला माझ्याशिवाय कुणाचाच वास येत नाही. तिची मोजणी मीच पुरी केली म्हणा.

म्हणून तुम्हांला एवढंच सांगते. दगड उलटून बघावासा वाटणं यात काही वाईट नाही. ती मुलगीही लहानपणी तसे उलटूनच शिकली असेल. जरूर बघा. पण उचलताना आपल्या बाजूला उचला, म्हणजे खालच्याला पलीकडे जायला वाट राहील. खाली कुणी असलं तर आधी त्याला बाजूला घ्या, अंगावर दगड टाकू नका. होता तसा, त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. आणि एखादी वस्तू एकटी पडलेली दिसली, तर ती कुणाचीच नाही असं धरून चालू नका. आधी वाजवा. आत कुणी असेल.

माझी फळी आता मऊ झाली आहे. एका कोपऱ्यात वाळवी लागली आहे. ती मी खाते, म्हणजे माझ्याच छताचं आयुष्य मी थोडं लांबवते. कधी वरच्या झाडाचं सुकं फळ गळून फळीवर पडतं. टक, असा आवाज होतो. मी मान वर करून थांबते.

दुसरी टक येत नाही.